जागेवर ठरणारा अर्थ: इंग्रजीतलं क्रियाविशेषण

'आय सॉ हिम.' मी त्याला पाहिलं. या तीन शब्दांच्या वाक्यात आता 'ओन्ली' घालायचा आहे. कुठे घालाल?

सुरुवातीला घातला, 'ओन्ली आय सॉ हिम', तर त्याला पाहणारा मी एकटाच. 'हिम'च्या आधी घातला, 'आय सॉ ओन्ली हिम', तर मला दिसला तो एकटाच. आणि 'आय ओन्ली सॉ हिम' म्हणजे नुसतं पाहिलं, बोलणं काही झालं नाही. हे तिसरं वाक्य बोलताना 'हिम'वर जोर दिला, की पुन्हा दुसऱ्या वाक्याचाच अर्थ निघतो. कागदावर मात्र आवाज नसतो, म्हणून लिहिताना जागा नीट पाहावी लागते.

मराठीत हे काम 'च' करतो. 'मी त्यालाच पाहिलं' म्हणा किंवा 'त्यालाच मी पाहिलं' म्हणा. 'च' ज्याला चिकटला, त्याचाच राहतो. हीच सवय घेऊन आपण इंग्रजीत शिरतो आणि 'मी कालच आलो'चं 'आय केम यस्टरडे ओन्ली' करतो. भारतात हे सगळीकडे सहज समजतं. लंडनमधला माणूस मात्र त्या शेवटच्या 'ओन्ली'पाशी अडखळतो.

शाळेत शिकवतात की शेवटी 'ली' आलं की क्रियाविशेषण. 'स्लोली', 'क्विकली' इथवर ठीक. पण 'फ्रेंडली' हे विशेषण आहे. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कसून काम करतो आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो काम जवळजवळ करतच नाही! शेपटावर विसंबून चालत नाही.

जागेचे काही नियम मात्र पक्के आहेत. 'ऑलवेज' साध्या क्रियापदाच्या आधी येतो, 'ही ऑलवेज कम्स लेट'. पण 'इज'च्या नंतर, 'ही इज ऑलवेज लेट'. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये सहसा कुणाला शिरू देत नाहीत. म्हणून 'शी स्पीक्स इंग्लिश वेल' बरोबर, 'शी स्पीक्स वेल इंग्लिश' चूक. मराठीत 'ती छान इंग्रजी बोलते' आणि 'ती इंग्रजी छान बोलते' दोन्ही चालतं, त्यामुळे ही चूक आपल्याला ऐकूही येत नाही.

खरी गंमत शब्दसमूहांत आहे. दोन-तीन शब्द मिळून क्रियाविशेषणाचं काम करतात: 'इन द मॉर्निंग', 'विथ ग्रेट केअर'. आता भाषाभ्यासकांचं हे आवडतं वाक्य ऐका: 'आय सॉ अ मॅन विथ अ टेलिस्कोप.' दुर्बीण कुणाकडे? 'विथ अ टेलिस्कोप' क्रियापदाला जोडलं, तर मी दुर्बिणीतून पाहिलं. 'मॅन'ला जोडलं, तर दुर्बीण त्या माणसाच्या हातात, आणि हा शब्दसमूह मग क्रियाविशेषण उरतच नाही, विशेषण होतो. एक अक्षरही न बदलता! मराठीत 'दुर्बिणीतून' म्हटलं की शंका मिटते. प्रत्यय आपल्याकडे जे सांगून टाकतो, ते इंग्रजीत मागच्यापुढच्या संदर्भावरून ओळखावं लागतं.

कधी क्रियाविशेषण स्वतः हलतं आणि वाक्यालाही हलवतं. 'आय हॅव नेव्हर सीन सच रेन', असा पाऊस मी कधीच पाहिला नाही. यातला 'नेव्हर' जोर देण्यासाठी पुढे आणा. लगेच 'हॅव' कर्त्याला ओलांडून 'नेव्हर'च्या पाठोपाठ येतो: 'नेव्हर हॅव आय सीन सच रेन!' रचना प्रश्नाची झाली, तरी हा प्रश्न नव्हे.