चार लोक

(ठाणे पूर्व, मीठबंदर. श्रावणातली संध्याकाळ. खाडीला भरती.)

चेंदणी कोळीवाड्यातली नारळी पौर्णिमेची मिरवणूक खाडीकडे येते. सोनेरी कागदात मढवलेला नारळ, पुढे बँड, आणि बँडच्या तालावर वर्षभर कपाटात जपलेले दागिने घालून नाचणाऱ्या बायका. नारळ पाण्यात सोडतात आणि दर्याला विनवतात, आता शांत हो, आमची माणसं सांभाळ. या खाडीत पूर्वीसारखी मासळी उरलेली नाही. वाड्यातली पुष्कळ मुलं सकाळी लोकल पकडून नोकरीला जातात. तरी नारळ चुकत नाही.

हा नारळ वाहायच्या आधी होडी दर्यात घालायची नाही, हा जुना दंडक. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो हे एक कारण. दुसरं असं, की याच दिवसांत बरीचशी मासळी गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, भरलेली असते. आज सरकारची पावसाळी मासेमारीबंदी आहे, साधारण १ जून ते ३१ जुलै. तिच्या पाठीशी १९८१चा कायदा आहे, गस्त आहे, दंड आहे. कोळ्यांच्या जुन्या बंदीच्या पाठीशी होता एक नारळ आणि शेजाऱ्यांची नजर. कुणी लपूनछपून जाळं टाकलंच, तरी मासळी उतरवायची त्याच बंदरावर. होडी वर ओढायला हात लागायचे ते त्याच वाड्यातले. एवढा धाक पुरत होता.

मला हा धाक आवडतो, हे आधीच सांगून टाकते. माणसं श्रद्धेपोटी स्वतःला आवर घालतात, दर्याला उसंत देतात, यात कमीपणा वाटावा असं काही नाही. पण हाच धाक खाडीवरून उठून घरात आला की काय करतो, ते दाखवण्यासाठी ही फिल्म आहे.

(घोडबंदर रस्ता. सोसायटीची इमारत, गॅलरीत वाळणारे कपडे.)

मराठीत या धाकाला साधं नाव आहे. चार लोक. चार लोक काय म्हणतील. चारचौघांत शोभत नाही. मेल्यावर खांदा द्यायला तरी चार माणसं हवीत. लहानपणापासून हे ऐकत आले. हे चार जण कोण, हे मात्र घरात कुणी कधी सांगितलं नाही.

आता जानेवारीतला हा मेसेज पाहा. आमच्या सोसायटीचा बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाच्या तरी घरी हळदीकुंकू. मजकूर दर वर्षी तोच असतो, वर पतंग, खाली तिळगूळ: ‘सर्व सुवासिनींना आग्रहाचं निमंत्रण.’ ग्रुपमधल्या सगळ्या जणी तो वाचतात. ज्यांचा नवरा वारला आहे, ज्या नवऱ्यापासून वेगळ्या राहतात, ज्यांनी लग्नच केलं नाही, त्याही वाचतात. नको येऊस, असं त्यांना कुणीही म्हणत नाही. एक शब्द लिहिला, की कुणी यायचं आणि कुणी नाही ते आपोआप ठरतं.

माझी आई या मेसेजखाली दर वर्षी हात जोडलेली खूण टाकायची आणि फोन पालथा ठेवायची.

बाबा २०११ साली गेले. तीन वर्षांनी ताईचं लग्न झालं, इथेच, ठाण्यातल्या एका हॉलमध्ये. ओटीचे तांदूळ आईनं निवडले होते. खण तिनं आणले, नारळ हलवून, पाणी वाजतंय का ते कानाशी लावून तिनं घेतले. हळदीच्या वेळी आत्या तिच्याजवळ आली, दंडावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, ‘‘वहिनी, तू जरा आत बसतेस का? पाच सवाष्णी झाल्यात, आता तुला दगदग नको.’’

आत्याचं आईवर प्रेम आहे. बाबांच्या आजारपणात रात्र रात्र ती दवाखान्यात बसली होती. म्हणून तर मला तिच्या आवाजातला तो मऊपणा विसरता येत नाही. कुणी खेकसलं असतं तर मी भांडले असते. आईही नुसतं ‘हो हो’ म्हणाली, जणू तिला हे आधीच सुचायला हवं होतं. ती सामानाच्या खोलीत गेली आणि लेकीची हळद संपेपर्यंत चांदीची भांडी मोजत बसली. वाजंत्रीचा आवाज आतपर्यंत येत होता. मी दारात उभी होते, आणि मीही काही बोलले नाही.

(औषधाचं दुकान. काउंटरवर पाकिटं.)

श्रावण-भाद्रपदात या दुकानांत एक गोळी विचारली जाते. नॉरएथिस्टेरॉन. पाळी पुढे ढकलणारी. आजीच्या काळी ‘कावळा शिवला’ म्हणायचे, आता ‘डेट आहे’ म्हणतात. शब्द बदलले, पण गणपती घरात असताना पाळी आली तर देवापाशी कोण जाणार, नैवेद्याचा स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न पुष्कळ घरांत आहे तसाच आहे. पूर्वी चार दिवस बाजूला बसावं लागे. आता ऑफिस करून, रजा न घेता, शरीरालाच तारीख पाळायला लावता येते. रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास झालेल्या बाईनं ही गोळी घेऊ नये, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर कुणीच घेऊ नये. तरी ती मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जाते, नाव कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून. विज्ञान आलं की विटाळ जाईल, असं आपण शाळेत निबंधात लिहायचो. इथे विज्ञानच विटाळाच्या कामाला जुंपलं आहे.

(जुनी कागदपत्रं. कोर्टाची पायरी.)

या धाकाचं उघड, पंचांच्या तोंडून बोलणारं रूप म्हणजे वाळीत टाकणं. त्याची झळ मोठमोठ्यांना लागली आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. टिळकांच्या घरच्या कार्यांना भटजी मिळणं अवघड झालं. पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेल्या रानड्यांनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपाएवढ्या चहासाठी.

बहिष्कार बेकायदा ठरवणारा कायदा मुंबई राज्यानं १९४९ सालीच केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सुप्रीम कोर्टानं तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. पुढची पन्नासहून जास्त वर्षं वाळीत टाकलेल्या माणसाला धरायला असा स्वतंत्र कायदा नव्हता. एप्रिल २०१६मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७पासून तो लागू झाला. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

या कायद्याची गरज काय होती, ते याच ठाणे जिल्ह्यात दिसलं. कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी नव्या नवरीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध आपल्याच जातपंचायतीसमोर आवाज उठवला होता. २०१९मध्ये अंबरनाथच्या एका कुटुंबानं पोलिसांत तक्रार दिली की चाचणीला विरोध केल्याबद्दल आपल्याला वाळीत टाकलं आहे. घरात आजी वारली. अंत्ययात्रेला जातीतलं कुणी आलं नाही.

खांदा द्यायला चार माणसं. ती माणसं काढून घेता येतात, एवढंच पंचायतीला ठाऊक असावं लागतं. आणि तरीही त्या पोरांनी माघार घेतली नाही. रोजच्या उठण्याबसण्यातली, लहानपणापासूनची माणसं तोडून घेणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला त्यांच्या धाडसाचं मोल कळेल.

(पुन्हा सोसायटी. नोटीस बोर्ड.)

अंबरनाथला निदान पंच होते. त्यांची नावं फिर्यादीत लिहिता आली. ताईच्या हळदीत पंच कोण होता? आत्या? गुरुजींनी तर तोंडही उघडलं नव्हतं. आई स्वतःच उठून आत गेली होती. कुठल्या पोलीस ठाण्यात, कुणाविरुद्ध काय लिहून द्यायचं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं यावर एक वाट काढली. मे २०२२मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्तानं, तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. गावात हे जमू शकलं, कारण सगळ्यांनी एकत्र बसून, एकमेकांच्या तोंडावर बोलायची जागा तिथे आहे. शहरात ग्रामसभा नाही. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगवर दोन दोन तास वाद होतो, गळतीवर होतो, पाण्याच्या टाकीवर होतो. हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं, हा विषय अजेंड्यावर यायचा तरी कसा? हे खाजगी आहे, असंच सगळे म्हणणार. आणि खाजगी म्हटलं की चर्चा संपते.

(लिफ्टचं दार. आठवा मजला.)

गेल्या संक्रांतीला आठव्या मजल्यावरच्या एका बाईंनी मेसेज वेगळा लिहिला. पतंग तोच, तिळगूळ तोच. शब्द मात्र, ‘सर्व मैत्रिणींना.’ खाली बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी त्या स्वतः तिसऱ्या मजल्यावर आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, ‘‘काकू, तुम्ही आल्याशिवाय मी कुणाला वाण देणार नाही. मग बसतील सगळ्या खोळंबून.’’

आई गेली. मीही मागोमाग गेले, कॅमेरा घरीच ठेवून. त्यांनी करंड्यातून कुंकू घेतलं तेव्हा आईचा हात अडवायला वर उठला, अर्ध्यात थांबला आणि खाली आला. तेरा वर्षांनी तिच्या कपाळावर कुंकू लागलं. तिळगूळ झाला, गप्पा झाल्या, एकीनं तिला उखाणा घ्यायला लावला. तिनं बाबांचं नाव घेतलं आणि हसता हसता डोळे पुसले. वाण म्हणून स्टीलची डबी मिळाली.

मी आवराआवरीला मागे थांबले होते. आई एकटीच खाली आली. घरी येऊन पाहते तर तिचं कपाळ कोरं. आठव्यावरून तिसऱ्यावर येईपर्यंत तिनं पदराच्या टोकानं सगळं पुसून टाकलं होतं, पदराला लाल डाग होता. मी विचारलं, लिफ्टमध्ये कोण होतं?

‘‘कुणी नव्हतं गं,’’ ती म्हणाली, आणि डबी घासायला घेतली.