तिकालचे पाणी

श्रोतेहो, नमस्कार. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशाच्या उत्तरेला, पेटेनच्या जंगलात तिकाल हे माया लोकांचे मोठे शहर होते. जवळ नदी नाही. खाली सगळी चुनखडी, म्हणजे पडलेले पाणी जिरून खोल जाणार. त्यात वर्षातले चार-पाच महिने जवळजवळ कोरडे. अशा जागी शहर आठव्या शतकात भरभराटीला आले, ते साठवणीच्या जोरावर.

त्यांनी चौक आणि अंगणे चुन्याच्या गिलाव्याने पक्की केली आणि त्यांना तलावांच्या दिशेने उतार दिला. पावसाचे पाणी जिरायच्या आत तलावात. राजवाड्याजवळचा बांध सुमारे 80 मीटर लांब आणि 10 मीटर उंच होता. कोरिएंताल नावाच्या तलावाच्या गाळात गारगोटीची वाळू आणि जिओलाइट सापडले. हे खनिज तिकालच्या जमिनीतले नव्हे, पाणी गाळण्यासाठी मुद्दाम दुरून आणलेले. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात मात्र ते भरपूर मिळते.

बिघडले ते इथेच. ज्या फरसबंदीने पाणी आणले, तिनेच घाणही आणली. वाड्याच्या भिंती लाल रंगवायला हिंगूळ वापरत, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे खनिज. पावसाने धुपून पारा तलावात उतरला. मुदपाकखान्याचे खरकटेही त्यातच जाई, म्हणून निळे-हिरवे शेवाळ माजले. त्याचे विष पाणी उकळूनही जात नाही. गंमत पाहा, सर्वांत खराब पाणी राजवाड्याला आणि देवळाला लागून असलेल्या तलावांचे होते. लांबच्या कोरिएंतालचे त्या मानाने स्वच्छ.

चुना भाजायला सरपण लागते, तेही ओले-सुके मिळेल तेवढे. जंगल विरळ झाले, उतारावरची माती खाली आली. आणि नवव्या शतकात पावसानेही दगा दिला. मेक्सिकोतल्या युकातानमधल्या चिचानकानाब तळ्याच्या गाळातले जिप्सम, म्हणजे पाणी आटताना तळाशी साचणारे खनिज, तपासून असे दिसते की वाईट वर्षांत पाऊस सरासरी निम्म्याच्या आसपास घटला होता. पण दुष्काळ एकटा दोषी धरणे मला पटत नाही. पाऊस कमी झाला तेव्हा तलावात उरलेले थोडे पाणीही पिण्याजोगे नव्हते, आणि पाऊस पाडून दाखवणे हीच ज्याच्या गादीची पुण्याई, त्या राजाचा शब्द कोण मानणार?

तिकालमधला शेवटचा तारीख कोरलेला स्तंभ इसवी सन 869 चा आहे. पुढे शहर ओस पडत गेले, पण सगळे लोक मेले नाहीत, पांगले. उत्तरेला चिचेन इत्झा हे माया शहर त्यानंतरही नांदत होते, आणि माया भाषा बोलणारे लाखो लोक आजही ग्वाटेमाला आणि मेक्सिकोत आहेत.