अर्धी उघडी मूठ : स्टड पोकरची ओळख

मंडळी, झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण पोकरसाठीच जन्माला आली असावी असं मला तरुणपणी वाटायचं. मग स्टड खेळायला बसलो आणि कळलं, की इथे मूठ निम्म्याहून जास्त उघडीच असते. सात पानांपैकी चार तोंड वर करून पडलेली, तीन पालथी. होल्डेम या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात मधली पानं सगळ्यांची असतात; स्टडमध्ये ज्याचं पान त्याचं. म्हणून हा खेळ आपल्या हातापेक्षा दुसऱ्याच्या पुढ्यात बघण्याचा जास्त आहे. आज मी एवढंच सांगायला आलोय, बाकी सगळं त्याच्या अनुषंगाने.

आधी नियम. वाटणीपूर्वी प्रत्येकाने ठरलेली थोडी रक्कम मध्ये टाकायची, ती अँटी. मग प्रत्येकाला दोन पालथी पानं आणि एक उघडं. ज्याचं उघडं पान सर्वांत हलकं, त्याला पहिली बेट, म्हणजे पैज, सक्तीने लावावी लागते. तिला ब्रिंग-इन म्हणतात. दोघांकडे दुरी असेल तर रंग बघायचा : किलवर सर्वांत खाली, मग चौकट, बदाम आणि वर इस्पिक. रंगाची ही उतरंड इथेच कामाला येते. हात कोणाचा मोठा हे ठरवताना रंगाला काडीची किंमत नाही.

पुढची तीन पानं एकेक करून उघडी, प्रत्येकानंतर बेटिंगची फेरी. चौथ्या पानापासून मात्र ज्याची उघडी पानं सर्वांत भारी, तो आधी बोलतो. सातवं पान पालथं. शेवटी सातांतली उत्तम पाच निवडायची. हातांचा क्रम नेहमीचाच, खालून वर : जोड, दोन जोड्या, तीन सारखी, स्ट्रेट (ओळीतली पाच), फ्लश (एका रंगाची पाच), फुल हाऊस (तीन सारखी आणि एक जोड), चार सारखी, स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाची ओळीतली पाच). हा क्रम घरी पाठ करा, इथे वेळ घालवत नाही.

बेटा सहसा ठरलेल्या मापाच्या असतात. समजा लहान बेट २ चिप्स आणि मोठी ४. तिसऱ्या-चौथ्या पानावर लहान, पाचव्यापासून मोठी. त्यामुळे पाचवं पान हा खरा उंबरठा आहे. तो ओलांडलात की बहुतेक शेवटपर्यंत ओढले जाता, आणि प्रत्येक पावलाला दुप्पट मोजता. मात्र सर्वांत महत्त्वाचा निर्णय तिसऱ्या पानाचाच. तीन सारखी, मोठी जोड, एका रंगाची तीन किंवा ओळीतली तीन वरची पानं : यांतलं काही नसेल तर पानं टाकून द्या. तीन सारखी हातात येण्याची वाट बघत बसू नका, ४२५ वाटण्यांत सरासरी एकदाच येतात.

आता एका रंगाची तीन पानं घेऊ, कारण इथेच नवखा माणूस फसतो. तुमच्याकडे तीन बदाम आहेत, समोर सात जणांची सात पानं उघडी. त्यांत एकही बदाम नसेल, तर न दिसलेल्या ४२ पानांत १० बदाम उरले. शेवटपर्यंत खेळलात तर फ्लश होण्याची शक्यता सुमारे २४ टक्के. त्याच सातांत तीन बदाम दिसत असतील, तर उरले ७, आणि शक्यता घसरते १२ टक्क्यांवर. तुमच्या हातातली पानं तीच, पण हात निम्म्या किमतीचा झाला! ही दिसून गेलेली पानं म्हणजे मेलेली पानं. खेळणारा पॅक झाला, म्हणजे डाव सोडून बसला, की त्याची पानं पालथी करून उचलली जातात, तेव्हा ती लक्षात तुम्हीच ठेवायची. माझी युक्ती साधी आहे : तिसऱ्या पानावर उघडी पानं चढत्या क्रमाने मनात म्हणायची. ‘दुरी, पंजी, नव्वी, नव्वी, राणी.’ रंग फक्त आपल्या कामाचा तेवढाच मोजायचा, सगळे मोजायला गेलात तर डोकं पिकेल.

मी हे फुकट शिकलो नाही. एकदा पाच पानं झाली तेव्हा माझ्याकडे सत्ती, अठ्ठी, दश्शी, गुलाम होते. नव्वी आली की स्ट्रेट. दोन नव्व्या पहिल्याच फेरीत उचलल्या गेल्या होत्या, तिसरी समोरच्या गृहस्थांच्या पुढ्यात उघडी. मी तरीही दोन मोठ्या बेटा भरल्या, ८ चिप्स. त्यांनी पालथी पानं उलटली, तर चौथी नव्वी तिथेच. मी जिची वाट बघत होतो, तिच्याच जोडीने मला हरवलं.

एक खूण मात्र जरूर ओळखा. समोरच्याचं पहिलं उघडं पान चौथ्यावर जोड होऊन आलं, तर सावध व्हा. तो जोडीवर बसला असेल, तर त्या जोडीतलं एक पान आधीच उघडं असण्याची शक्यता तीनात दोन असते. म्हणजे आता त्याच्याकडे तीन सारखी असू शकतात. शिवाय उघडी जोड दिसली की चौथ्यावरच मोठी बेट लावायची मुभा मिळते. तुमची जोड मात्र दोन्ही पालथ्या पानांत दडलेली असेल, तर तसंच तिसरं पान पुढे उघडं आलं तरी कोणाला वास लागत नाही.

मागून प्रश्न येतोय : आठ जण बसले तर सातेआठे छप्पन्न, आणि कॅटमध्ये बावन्नच पानं, मग? बरोबर हिशेब केलात. बहुतेक वेळा निम्मे लोक तिसऱ्या पानावरच उठलेले असतात, म्हणून पुरतात. पण सगळेच हट्टाने टिकले आणि पानं संपत आली, तर सातवं पान प्रत्येकाला वेगळं मिळत नाही. एकच पान मध्ये उघडं ठेवतात, ते सर्वांचं.