हळदीला अंधार लागतो

(दृश्य: हरिपूरचा रस्ता. पुढे कृष्णा-वारणेचा संगम.)

सांगलीहून हरिपूरला जाताना वाटेतल्या जमिनीखाली पेवं आहेत. वरून बघणाऱ्याला नुसती माती दिसते. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट मात्र मोठं. सांगलीच्या बाजारातली हळद या पेवांमध्ये वर्षानुवर्षं टिकायची. तोंड झाकून वरून माती टाकली की आत उजेड नाही, वारा नाही, ओल नाही. हवेतला प्राणवायू संपला की कीडही जगत नाही. म्हणून तर पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नाही. आधी ते मोकळं सोडतात. २००५ च्या महापुरात यातल्या पुष्कळ पेवांत पाणी गेलं आणि हळद गोदामांत, शीतगृहांत जाऊ लागली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं.

स्वयंपाकघराची गोष्ट इथून सुरू करायचं कारण साधं आहे. घरात जिन्नस कसा ठेवायचा, हे या मातीला फार आधी कळलेलं होतं.

(दृश्य: विश्रामबागेतला एक नवा फ्लॅट. उघड्या फळीवर ओळीने काचेच्या बरण्या, त्यावर खिडकीतलं ऊन.)

आज सांगलीत मॉड्युलर किचनचं पेव फुटलंय. हे स्वयंपाकघर बघा. पांढरी कपाटं, फिकट करडा ओटा, उघड्या फळ्यांवर काचेच्या बरण्या. दिसायला सुरेखच आहे. पण त्या तिसऱ्या बरणीत हळद आहे आणि दुपारी तीननंतर तिच्यावर थेट ऊन येतं. हळदीचा पिवळेपणा ज्या कुर्क्युमिनमुळे असतो, ते उजेडात विटतं. मिरचीच्या लालीचंही तसंच. काचेच्या बरणीत डाळी ठेवा, साबुदाणा ठेवा, रोजची साखर ठेवा. हळद, तिखट आणि कांदा-लसूण मसाला मात्र बंद खणात गेला पाहिजे, आणि तो खण शेगडीला चिकटून नको. फोडणी टाकताना हात पोचावा म्हणून मसाल्याची ट्रॉली हमखास गॅसखाली करतात. तिथे आच लागते, वाफ लागते, आणि श्रावणापर्यंत मसाल्याच्या गुठळ्या होतात. डावीकडे किंवा उजवीकडे दोन हात सरकवली तरी काम भागतं.

(दृश्य: सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. चुलीची जागा अजून काळी. भिंतीत कोनाडे, फडताळ, वर माळा.)

गावभागातल्या या घरात सासूबाई सत्तरीच्या आहेत, सूनबाई बँकेत नोकरी करतात. स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं तेव्हा मिस्त्री टेप घेऊन भिंती मोजायला लागले. सासूबाईंनी त्यांना थांबवलं.

"मिस्त्री, भिंत कुठं पळून जात न्हाई. आधी माझी परात मोजा."

"परात कशाला, काकू?"

"भाकरी ओट्यावर थापायची हाय का तुमच्या डोक्यावर?"

मला विचाराल तर अख्ख्या आराखड्यातलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे. आपल्याकडे ओटा सरसकट बत्तीस ते चौतीस इंच उंच करतात. चिरायला, फोडणी द्यायला ती उंची चालते. पण ज्वारीची भाकरी थापताना अंगाचा भार तळहातावर यावा लागतो. ओटा उंच झाला की खांदे वर ओढले जातात, आणि रोज दहा-बारा भाकरी थापणाऱ्या बाईचे खांदे रात्री बोलू लागतात. म्हणून या ओट्याचा खिडकीकडचा तीन फुटांचा तुकडा अठ्ठावीस इंचांवर उतरवला. उरलेला सूनबाईंच्या कोपराखाली चार-पाच इंच येईल, अशा बेतानं. दिसायला एक पायरी आहे, आणि मला ती देखणी वाटते.

एकाच घरात दोन उंच्या हा विचार आपल्या जुन्या घरांत होताच. चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, लोणच्याची बरणी फडताळात, दूध-दुभतं जाळीच्या कपाटात, आणि मांजर पोचू नये म्हणून लोण्याचं मडकं शिंकाळ्यात. प्रत्येक वस्तूची जागा त्या वस्तूच्या स्वभावावरून ठरलेली.

हाच विचार फार दूर, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये १९२६ साली एका वास्तुविशारद बाईंनी केला. मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की त्यांचं नाव. कामगारांच्या घरांसाठी त्यांनी अंदाजे सहा फूट बाय अकरा फुटांचं स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ही आजीच. साखर, तांदूळ, डाळींसाठी ॲल्युमिनियमचे ओढायचे खण, पण पिठाचा खण मुद्दाम ओकच्या लाकडाचा, कारण त्या लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे किडे लागत नाहीत. आपल्याकडे गव्हात कडुलिंबाचा पाला घालतात, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावतात, मसाल्याच्या बरणीत हिंगाचे खडे टाकतात. कळकळ तीच आहे.

(दृश्य: ओट्याखालच्या ट्रॉल्या एकेक करून उघडतात.)

आता खालची बाजू. दार उघडून वाकून आत हात घालायचा, हे कपाट आता नकोच. खोल ओढता खण घ्या. वरून पाहिलं की तळाशी काय आहे ते दिसतं, आणि मागे पडून गेलेली राजगिऱ्याची पुडी दिवाळीला सापडत नाही. कोपऱ्यात फिरतं चक्र बसवायचा आग्रह होतो. ते महाग पडतं आणि त्यात मोठं पातेलं मावत नाही. या घरात कोपरा मोकळाच सोडून तिथे ज्वारीचं पत्र्याचं पिंप बसवलंय. गॅस सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्याच्या दाराला तळाशी जाळी हवीच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. दिव्याचं एकच सांगते. ट्यूब पाठीमागे असली की आपलीच सावली विळीवर पडते, म्हणून वरच्या कपाटाच्या पोटाला एक पट्टी लावून घ्या.

(दृश्य: आयर्विन पूल. पावसाळी आभाळ, गढूळ पाणी.)

आणि नदी. सांगलीत स्वयंपाकघर आखताना तिला विचारावंच लागतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. या घरात ते ओट्याला टेकलं होतं. तेव्हाच्या ट्रॉल्या भुशाच्या बोर्डाच्या होत्या. पाणी उतरलं तेव्हा बोर्ड फुगून त्याची पानं सुटली होती, खण ओढता येईनात. वरवंटा मात्र होता तिथेच होता. स्टीलची मांडणी चिखलातून काढून धुतली आणि संध्याकाळी तिच्यावर पुन्हा ताटं लागली.

त्यामुळे या वेळी ओट्याखाली लाकूडच नाही. कडप्प्याच्या उभ्या फरशा, त्यात स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या. प्लायवूड फक्त वरच्या कपाटांना, तेही पाण्याला टिकणारं, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून घेतलेलं. विजेचे सगळे पॉइंट ओट्याच्या वर. वर्षाचा मसाला, लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या, सांडगे-पापडांचे डबे माळ्यावर, जिथे उजेड पोचत नाही.

सासूबाईंनी २०१९ ची पाण्याची रेघ भिंतीवर तशीच ठेवली आहे. रंगाऱ्याला तेवढी पट्टी रंगवू दिली नाही.

(दृश्य: जुलैची संध्याकाळ. खिडकीबाहेर पाऊस.)

नदी चाळीस फुटांवर गेल्याची बातमी आली की सूनबाई बँकेतून लवकर निघतात. ट्रॉली ज्यावर सरकते त्या चॅनलच्या बाजूची खिटी दाबली की भरलेली ट्रॉली तशीच उचलून हातात येते. एकेक करून वरच्या मजल्यावर. डाळींची, पिठांची, भांड्यांची. शेवटी ज्वारीचं पिंप, दोघांनी धरून. सासूबाई जिन्यात उभ्या राहून मोजत असतात.

"सात झाल्या. काठवट राहिली की गं."