रिपोर्ट हातात आल्यावरचे दिवस

कॅन्सरबद्दल गावात कार्यक्रम म्हटला की खर्रा (तंबाखू-सुपारीचा) सोडा, तपासणी करा एवढंच बोललं जाते, आणि ते बरोबरच आहे, पण ज्याला झाला त्याच्या मनाचं काय चाललंय हे कोणी विचारत नाही, म्हणून मी आज फक्त त्याच्यावरच बोलणार.

स्वीडनमध्ये ६० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, २०१२ साली ते छापून आलं. कॅन्सर आहे हे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात आत्महत्येचा धोका बाकीच्यांपेक्षा साधारण १२ पट होता, पहिलं वर्ष धरलं तर ३ पट. बहुतेक पेशंट असं काही करत नाहीत, घाबरून जाऊ नका. पण पहिला आठवडा म्हणजे तेव्हा केमो सुरू नसते, केस गेलेले नसतात, म्हणजे माणूस त्या बातमीनंच कोसळते.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण काय करतो? नागपूरहून रिपोर्ट घेऊन येतो आणि एसटीतच ठरवतो, बाबाले सांगू नका. अरे, तपासायला नेलं त्या दवाखान्याच्या बोर्डावरच कॅन्सर लिहिलेलं असते, बाबाले वाचता येते! त्याले सगळं माहीत असते, फक्त बोलायले कोणी नसते. मग तो खाटेवर पडून हिशोब करत राहते, पीककर्ज किती, पोरीचं लग्न कसं, मी गेलो तर पोराइचे पैसे वाचतील. हा "मी ओझं झालो" विचार सगळ्यात घातक, माझ्या मते दुखण्यापेक्षाही. म्हणून पैशाचं पहिल्याच दिवशी बोला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटा आणि काय बसतं ते घरी येऊन पेशंटसमोर सांगा.

तोंडाच्या कॅन्सरवाल्याचं अजून वेगळं. आपल्याकडे खर्र्यामुळे हेच जास्त. जबडा काढला, बोलणं कळत नाही, नाकातल्या नळीनं जेवण, तो पारावर यायचा बंद होते. आणि वरून आपण म्हणतो, खाल्ला ना खर्रा, भोग आता. हे बोलू नका हो, हात जोडून सांगतो. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये आत्महत्येचा धोका जास्त असतो.

लक्ष कशावर ठेवायचं? गोळ्या बंद केल्या, झोप नाही, अचानक सातबारा न् बँकेचे कागद पोराच्या हाती दिले, "आता माह्यं काय राह्यलं" असं घडीघडी म्हणते. दुखणं सहन होत नसेल तर डॉक्टरला सांगा, मॉर्फिनच्या गोळ्या असतात, सहन करत बसायची गरज नाही. केमोसोबत स्टेरॉइड देतात त्यानंही काहींची झोप उडते, मन सैरभैर होते, तेही सांगा.

आणि सरळ विचारा, "काका, जीव द्यावासा वाटते का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होते. हो म्हणाला तर शपथा घालू नका, प्रवचन देऊ नका, ऐका, एकटं सोडू नका, आणि १४४१६ लावा, टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीही लागते, मराठीत बोलतात. फवारणीचं औषध त्या घरात ठेवूच नका, सीझनभर भावाकडे, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा, आजच.

कोणी काही करून बसलंच तर पोलीस केसच्या भीतीनं घरी ठेवू नका, लगेच दवाखान्यात न्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस प्रचंड ताणात होता असंच धरतात, त्याला शिक्षा करत नाहीत.

पेशंटच्या बायकोलाही कोणीतरी विचारा, ती रात्र रात्र जागते. आता ज्यांच्या घरी पेशंट आहे आणि सगळ्यांसमोर बोलायचं नाही, ते आशाताईंसोबत ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत या, मी शेवटच्या एसटीपर्यंत इथंच आहे.