चमचाभर विरजण

श्रोतेहो, नमस्कार.

घरातलं दही संपलं की आपण वाटी घेऊन शेजारी जातो. शेजारीण चमचाभर विरजण देते. आपलं दही लागतं आणि तिचंही काही कमी होत नाही. हा चमचा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोष्ट जपानची. महायुद्ध नुकतंच संपलेलं, शहरं बेचिराख, आणि घरोघरी आव. ज्या जंतूमुळे ही आव होते तो शोधलाही जपानी माणसानंच, कियोशी शिगा यांनी, १८९७ साली. म्हणून त्याचं नाव शिगेला. आधी सल्फाच्या गोळ्यांनी गुण यायचा. मग सल्फा चालेना. स्ट्रेप्टोमायसिन आलं, क्लोरॅम्फेनिकॉल आलं, टेट्रासायक्लिन आलं. आणि १९५५ साली हाँगकाँगहून परतलेली एक बाई आवेनं आजारी पडली. तिच्या पोटातला शिगेला या चारांपैकी एकाही औषधाला दाद देईना. नीट ऐका, चारांपैकी एकाही नाही!

डॉक्टर चक्रावले. एका औषधाला न जुमानणारा जंतू कोट्यवधींत एखादा आपोआप निपजतो, हे माहीत होतं. पण चारही औषधांना एकदम? आणि पुढे तसे रुग्ण वाढतच गेले. त्यात आणखी एक गोष्ट दिसली. अशा रुग्णांच्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू असतात, तुमच्या-माझ्याही असतात, एरवी निरुपद्रवी. तेसुद्धा नेमक्या त्याच चार औषधांना पुरून उरत होते.

तोक्योच्या तोमोइचिरो आकिबांच्या मनात आलं, हे एकमेकांना काही देत तर नाहीत ना? १९५९ साली आकिबा आणि कुनितारो ओचिआई यांच्या गटांनी ते करून पाहिलं. औषधांना न बधणारे ई. कोलाय आणि औषधानं सहज मरणारे शिगेला एकत्र वाढवले. मग त्यांतले शिगेला वेगळे काढून त्यांच्यावर औषधं घातली. काही शिगेला मेलेच नाहीत. चारही औषधं पचवून बसले! आणि ई. कोलायची ताकद होती तशीच. शेजारणीचं दही संपत नाही, तसंच.

हे सगळं आधी जपानीत छापलं गेलं. १९६३ साली त्सुतोमू वातानाबे यांनी इंग्रजीत सविस्तर लेख लिहिला, तेव्हा कुठे बाहेरचं जग खडबडून जागं झालं. मला जपान्यांचा हेवा वाटतो. इतकं मोठं काम त्यांनी आधी आपल्या भाषेत मांडलं. आपल्याकडे मराठी मुलगा पीएचडी करतो आणि आईला समजेल असं एक पान लिहीत नाही. प्रत्येक प्रबंधाला मराठी गोषवारा सक्तीचा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

तर तो चमचा म्हणजे प्लाझ्मिड. जंतूच्या मुख्य डीएनएपासून वेगळी, डीएनएचीच छोटी गोल कडी. दोन जंतू चिकटतात, कडीची एक प्रत पलीकडे जाते, एक इकडे राहते. काही जनुकं तर उड्या मारणारी, मुख्य डीएनएवरून उठून कडीवर जाऊन बसणारी. म्हणून एकाच कडीवर चार-चार औषधांचा तोडगा जमतो.

आता घरातलं. सर्दी-तापाला डब्यातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी आपण घेतो. सर्दीच्या विषाणूला ती काहीच करत नाही. आतड्यातले साधे जंतू मात्र मरतात, आणि ज्यांच्याकडे हे विरजण आहे ते उरतात. उरतात आणि वाढतात.

२००८ साली भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला नावाचा जंतू सापडला. हातच्या राखून ठेवलेल्या कार्बापेनेम औषधांनाही तो न जुमानणारा. ते करणारं जनुक कडीवर होतं. त्याच रुग्णाच्या शौचातला ई. कोलाय तपासला, तर तेच जनुक तिथेही, दुसऱ्या आकाराच्या कडीवर. जपानच्या त्या प्रयोगाला तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.