पाऊस चांदोलीत, मगर कृष्णेत

(दृश्य: सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल, पाणीपातळी मोजायची पट्टी)

जुलै उजाडला की सांगलीत जो तो एकच विचारतो, ‘आयर्विनला किती?’ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मगरमच्छ कॉलनी तर बुडालीच, पण जिथं पूर ठाऊकच नव्हता अशा पेठांतही नावा फिरल्या. आकडा पुलावर वाचायचा, पण तो ठरतो पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावर. तिकडेच जाऊ.

(दृश्य: चांदोलीचा सडा, धुकं)

अरबी समुद्रावरून आलेले ढग या कड्याला धडकून वर चढतात, गार होतात आणि इथंच रिते होतात. वारणा नदीच्या पाणलोटातलं पाथरपुंज गाव देशातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणलं जातं. इथून पूर्वेला दीडशे किलोमीटरच्या आसपास सांगली जिल्ह्यातलंच जत आहे. तिथं वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, आणि तोही येईल याचा भरवसा नाही.

चांदोली राष्ट्रीय उद्यान ३१७ चौरस किलोमीटरचं. २०१० मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ मध्ये दोन्ही जंगलं जागतिक वारसा यादीत गेली. गवा, अस्वल, शेकरू, बिबट्या इथले राहणारे. या जंगलासाठी आणि धरणासाठी वारणा खोऱ्यातल्या गावांनी घरं, शेतं, देवळं मागं सोडली. चांदोलीची गोष्ट सांगताना त्या माणसांचं नाव आधी घ्यायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

जंगलातली जमीन पालापाचोळ्यानं मऊ झालेली असते. ती पाणी पिते आणि हळूहळू सोडते. उरलेलं चांदोली धरणाच्या वसंतसागर जलाशयात साठतं, सुमारे ३४ टीएमसी, म्हणजे ३४ अब्ज घनफूट. दरवाजे उचलले की वारणा शिराळ्याच्या बाजूनं खाली येते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. कोयनेचं पाणी त्याआधीच कराडला कृष्णेत आलेलं असतं. दोन्ही खोऱ्यांत एकाच वेळी पाऊस कोसळला की काय होतं, ते २००५, २०१९ आणि २०२१ नं दाखवलंय.

(दृश्य: उसाचा फड, तोड सुरू)

जंगलाची हद्द नकाशावर संपते, बिबट्यासाठी नाही. शिराळा-वाळव्याच्या उसात माद्या पिलं घालतात. तोडीच्या वेळी ती सापडली तर शहाणे शेतकरी फड तसाच सोडून वनखात्याला कळवतात. रात्री आई येते आणि पिलं घेऊन जाते.

सांगली जिल्ह्यातल्याच सागरेश्वर अभयारण्याची गोष्ट वेगळी. तिथं उघड्या डोंगरांवर झाडं लावून जंगल उभं केलं गेलं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. आज त्या जेमतेम ११ चौरस किलोमीटरात चितळ, सांबर, काळवीट आहेत.

(दृश्य: कृष्णाकाठ, हिवाळ्याची सकाळ)

आता नदीवर येऊ. भिलवडी, औदुंबर, कसबे डिग्रज, हरिपूर. ऊन चढलं की मगर काठावर येते आणि जबडा उघडा ठेवून पडून राहते. थंडीत तिला अंग तापवावंच लागतं, त्याशिवाय खाल्लेलं पचत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी पाण्यापासून थोडं उंचावर, मऊ मातीत किंवा वाळूत खड्डा उकरते, पंचवीस-तीस अंडी घालते आणि वर माती ओढते. साधारण दोन महिन्यांनी अंड्यांच्या आतून पिलं आवाज द्यायला लागतात. मग ती माती उकरते आणि एकेक पिलू तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते. ज्या जबड्याची माणूस एवढी धास्ती घेतो, त्याच जबड्यात.

पिलू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं. म्हणजे उन्हाळा वाढला, तर बदलणारी गोष्ट फक्त आपला उकाडा नाही. आणि घरट्याला जी मऊ, उंच माती लागते, तीच विटांसाठी, वाळूसाठी खणली जाते. काठ तुटला की मगरीनं अंडी घालायची कुठं?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या काठांवर मगरीच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. धुणं धुणाऱ्या बाया, पोहायला उतरलेली पोरं, मोटरीच्या फूट व्हॉल्व्हमधला, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या तोंडच्या झडपेतला, कचरा काढायला कमरेएवढ्या पाण्यात उतरलेला शेतकरी. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला निसर्गप्रेम शिकवायला जाऊ नये.

पण मगरी पकडून दुसरीकडे सोडणं हा उपाय टिकणारा नाही. नदीत मासे आहेत, डोह आहेत, बंधाऱ्यांमागं बारमाही पाणी आहे, त्यामुळं रिकाम्या जागी दुसरी मगर येतेच. मगरींच्या पट्ट्यातल्या प्रत्येक घाटावर पाण्यात पक्की जाळी बसवता येईल. फूट व्हॉल्व्ह काठावरूनच वर ओढून घेता येईल अशी सोय शेतकऱ्याला देता येईल. आणि जिथं दरवर्षी घरटी होतात, तेवढा काठ फेब्रुवारी ते जून खणायचा नाही, हा ठराव ग्रामसभेत होऊ शकतो. घरटी कुठं असतात, हे विचारायला लांब जायला नको. नदीवर रोज जाणाऱ्या भोयाला आणि मोटरी चालवणाऱ्या शेतकऱ्याला ती जागा ठाऊक असते.